मोबाईल स्टार्टर मुका का होतो?

(ऊस विकास विभागाकडून)



ऊसवाढीच्या पानावर इलेक्ट्रॉनिक्सचा मजकूर पाहून काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या गट कार्यालयांत बेणे, खते आणि ऊसनोंद यांच्या खालोखाल सध्या जर कशाची चौकशी होत असेल, तर ती मोबाईल स्टार्टरची. कारण उघड आहे. ज्या फिडरवर सौर प्रकल्पाची दिवसाची वीज अजून पोचलेली नाही, तिथे शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत नदीच्या मोटारीपर्यंत बांधाबांधाने जायचे म्हणजे पायाखाली घोणस आणि बाजूच्या उसात बिबट्या. जुन्नर भागातल्या ऊसकऱ्यांना हा बिबट्या काय असतो ते सांगायला नको. घरी बसून फोन लावला आणि मोटार चालू झाली, तर कोणाला नको आहे?

बाजारात अशा पेट्या तयार मिळतात. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' हे त्यातले बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेले नाव. पण आपल्या कार्यक्षेत्रात अलीकडे दुसराच प्रकार वाढला आहे. आयटीआय आणि डिप्लोमाला जाणारी आपल्याच सभासदांची पोरं ही पेटी घरी बनवू लागली आहेत. आम्हाला त्याचे कौतुक आहे. सुट्टीत पारावर बसून नुसता फोन बघण्यापेक्षा फोनचे पोट उघडून बघणारा पोरगा कधीही चांगला. मात्र दहा पोरांनी पेटी केली, तर सात-आठ जणांची एकाच जागी अडते. फोनचे काम करणारा जो लहानसा भाग असतो, ज्याला मॉड्यूल म्हणतात, तो मुका होतो. मग बाप म्हणतो "पैसे पाण्यात गेले", पोरगा म्हणतो "मॉड्यूल डुप्लिकेट निघालं", आणि रात्रीची पाळी पुन्हा पायी. हा लेख त्या मुक्या मॉड्यूलसाठी आहे.

पेटीत मुळात तीन अवयव. एक छोटा संगणक, बहुतेक वेळा आर्डुइनो नावाचा. (हा २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावे म्हणून निघाला.) दुसरे मॉड्यूल, म्हणजे पडदा आणि बटणे नसलेला मोबाईल, आपल्याकडे पोरं सर्रास सिम८००एल वापरतात. तिसरा रिले, जो स्टार्टरचे हिरवे-लाल बटण दाबण्याचे काम करतो. मोबाईलवरून संदेश आला की मॉड्यूल तो आर्डुइनोला वाचून दाखवते आणि आर्डुइनो रिलेला सांगतो. मॉड्यूलशी बोलायची भाषा 'एटी' हुकुमांची. ही भाषा १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीच्या मोडेमबरोबर आली. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', आपल्या कवायतीतले 'सावधान'. सावधान म्हटल्यावर ते 'ओके' म्हणते. म्हटले, तर जिवंत आहे.

ऊस पिवळा पडला की काही सभासद पहिल्यांदा युरियाची गोणी फोडतात. पाणी साचलंय का, मुळाशी हुमणी आहे का, चुनखडीच्या रानात लोह कमी पडलंय का, हे नंतर. इथेही तसेच चालते. मॉड्यूल बोलेना झाले की पोरं पहिल्यांदा प्रोग्राम बदलतात, मग पुन्हा बदलतात, मग इंटरनेटवरून दुसऱ्याचा उतरवून घेतात. आमचे म्हणणे असे, की प्रोग्रामला हात सगळ्यात शेवटी. आधी वीज, मग दिवा, मग सिम, मग रेंज आणि नोंद. या क्रमाने गेले तर बहुतेक दुखणी पहिल्या दोन पायऱ्यांवरच सापडतात.

टेबलावर चालते, नदीवर चालत नाही

नदीकाठच्या एका सभासदाच्या घरी गेल्या वर्षी आम्ही लागणीच्या पाहणीला गेलो होतो. मुलगा डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्यासोबत कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातले एक मिस्त्री होते. पुढे जे शहाणपण आम्ही सांगत आहोत ते बरेचसे त्यांचे. चहा होतो न होतो तोच सभासद म्हणाले, "साहेब, ऊस ठीक आहे, तो तुम्ही नंतर बघा. या पोराची पेटी तेवढी बघा. घरात वाजते, आणि नदीवर नेली की रुसते. दोन मॉड्यूल बदलली. आता तिसरं आणायचं म्हणतो."

पेटी घरातल्या टेबलावर लावली. फोन केला, रिले टक् करून वाजला. तीच पेटी नदीवरच्या मोटारीपाशी नेली. मॉड्यूलवरचा दिवा सहा-सात वेळा लुकलुकला, विझला, पुन्हा पहिल्यापासून लुकलुकू लागला. पुन्हा विझला. मुलगा म्हणाला, "काका, प्रोग्राम अकरा वेळा बदललाय."

मिस्त्रींनी प्रोग्रामकडे पाहिलेच नाही. त्यांनी विचारले, "याला जेवायला काय देतोस?"

घरी मुलाने मॉड्यूल लिथियमच्या एका सेलवर लावले होते, सेल अगदी शेजारी. नदीवर मात्र १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून, मध्ये दाब कमी करणारी लहान पट्टी टाकून, हातभर लांबीच्या बारीक जंपर वायरने वीज नेली होती. मीटर लावला तर ४.० व्होल्ट दाखवत होता. "बघा, बरोबर आहे की," मुलगा म्हणाला. मीटरवर बरोबर होते, हे खरे. तरी दुखणे तिथेच होते.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. २जीचे मॉड्यूल सतत बोलत नाही. एका वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात, जशी एका पाटावर आठ शेतकऱ्यांची पाणीपाळी. प्रत्येकाला सेकंदाच्या एक हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडा अधिक वेळ मिळतो, ५७७ मायक्रोसेकंद. आणि ही पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा फिरून येते. आपल्या पाळीत मॉड्यूल जोर लावून ओरडते आणि त्या क्षणी त्याला २ अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. पाळी संपली की ते जवळजवळ गप्प. ही गोष्ट आपण सर्वांनी कानांनी ऐकलेली आहे. जुना मोबाईल रेडिओजवळ किंवा सभेच्या लाऊडस्पीकरजवळ ठेवला आणि फोन यायच्या आधी जी 'टर्र-टर्र' व्हायची, ती हीच.

आता मीटर काय करतो? तो सरासरी सांगतो. तालुक्याचा सरासरी पाऊस चांगला असतो, म्हणून आपल्या रानात तो पडलेला असतोच असे नाही. मीटरला ४.० दिसत असताना त्या अर्ध्या हजारांश सेकंदात दाब किती खाली गेला, हे त्याला कळतच नाही. सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. बारीक वायर आणि ब्रेडबोर्डच्या सैल भोकांचा येऊन-जाऊन पाव ओहम अडथळा धरला, तरी २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेत गळतो. ४.० चे झाले ३.५. त्यात पट्टीच थोडी हलक्या प्रतीची असली की ३.४ च्या खाली गेलेच. मॉड्यूल झोपते, लगेच दाब पूर्ववत होतो, ते उठते, पुन्हा नोंदणीसाठी ओरडते आणि पुन्हा झोपते. सहा-सात वेळा लुकलुकून विझण्याचे मर्म हे. अडीच इंची पाइपलाईनच्या शेवटाला पाच एचपीची मोटार लावून कॉक एकदम उघडावा, तसा प्रकार.

मग घरी का चालले? एक तर सेल जवळ होता. आणि दुसरे कारण आम्हालाही त्या दिवशी नव्याने कळले. मॉड्यूल किती जोरात ओरडेल हे टॉवर ठरवतो. घर गावात उंचावर, टॉवर जवळ. तिथे कुजबुजले तरी ऐकू जाते, प्रवाह कमी लागतो. नदीची मोटार खाली घळीत. तिथून ९०० च्या पट्ट्यात पूर्ण २ वॅटने ओरडावे लागते. म्हणजे जिथे वीज अशक्त, नेमकी तिथेच भूक मोठी. टेबलावरची परीक्षा नदीवर उपयोगी पडत नाही ती यासाठी.

मिस्त्रींनी अगदी साधा प्रयोग केला. घरचा भरलेला सेल आणून मॉड्यूलला जवळून, जाड आणि बोटभर वायरने जोडला. दिवा लुकलुकला आणि अर्ध्या मिनिटात संथ झाला. तिसरे मॉड्यूल आणायची गरज उरली नाही. आधीची दोन्ही मॉड्यूल पुढे तपासली, तीही धडधाकट निघाली. सभासद मुलाकडे बघून एवढेच म्हणाले, "आणि मी दुकानदाराला शिव्या देत होतो."

तेव्हा ज्यांची पेटी अडली आहे त्यांनी पहिल्यांदा हे करावे. आर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर मॉड्यूल लावू नये. ती पिन अवघे ५० मिलिअँपिअर देते, म्हणजे हत्तीला मूठभर कणीक. ५ व्होल्टच्या पिनवरही लावू नये, ४.४ च्या वर ते मॉड्यूल भाजते. संगणकाच्या साध्या यूएसबीला अर्धा अँपिअरच मिळतो, त्यामुळे तिथेही कधी चालेल कधी नाही. किमान २ अँपिअर खरोखर देणारी पट्टी घ्यावी, मॉड्यूल जोडण्याआधी मीटर लावून ती ४.० व्होल्टवर बसवावी, वायर जाड आणि आखूड ठेवावी, आणि मॉड्यूलच्या अगदी पायाशी १००० मायक्रोफॅरड किंवा त्याहून मोठा कॅपॅसिटर द्यावा. कॅपॅसिटर हा शेतातल्या हौदासारखा, क्षणभराची गरज भागवतो. पण काही पोरं नुसता हौद बांधून मोकळी होतात. हिशेब करून पाहा: १००० मायक्रोफॅरडने एकट्याने २ अँपिअर ५७७ मायक्रोसेकंद पुरवायचे म्हटले, तर त्याचा दाब एक व्होल्टाहून जास्त उतरतो. विहिरीला पाणी नसेल तर हौद काय करणार?

मॉड्यूललाच त्याच्या पोटातला दाब विचारता येतो. हुकूम आहे 'एटी+सीबीसी'. उत्तरात शेवटचा आकडा मिलिव्होल्टमध्ये येतो, ४०१२ म्हणजे ४.०१२ व्होल्ट. (हे हुकूम इंग्रजी मोठ्या अक्षरांत टंकायचे असतात, इथे उच्चार दिला आहे.)

दिवा काय सांगतो

सिम८००एलवरचा दिवा हा त्याच्या नाडीसारखा आहे. सेकंदाला साधारण एकदा, भराभर लुकलुकतो, म्हणजे ते टॉवर शोधते आहे. तीन सेकंदांनी एकदा, संथ लुकलुकला, म्हणजे नोंद झाली. भराभर लुकलुकत पाच-दहा मिनिटे गेली, तर वीज ठीक आहे पण टॉवर याला घेत नाही असे समजावे. थोडे लुकलुकून विझले, तर वर सांगितलेले उपाशीपण. काहीच लागत नाही, तेव्हा उलटसुलट जोडणी पाहावी. काही जातींना, उदाहरणार्थ सिम९००एला, 'पॉवर की'ची पिन सेकंदभर खाली ओढून उठवावे लागते. ती झोपलेली असतात आणि आपण मेलेली समजतो.

टॉवर का घेत नाही? इथे आमच्याकडे आलेल्या तक्रारींत पहिला मान एकाच गोष्टीचा: सिम जिओचे. सिम८००एल आणि सिम९००ए ही निव्वळ २जीची मॉड्यूल आहेत. जिओचे जाळे २०१६ साली सुरू झाले तेच ४जी घेऊन. त्यात २जी नाहीच. त्या सिमवर हे मॉड्यूल जन्मभर शोधत बसेल. एअरटेल किंवा व्होडाफोन-आयडियाचे सिम, ज्या गावात त्यांचा २जी टॉवर पकडतो तिथे, चालते. हे पाहायला सोपी युक्ती अशी की एखादा जुना बटणांचा २जी फोन घ्यावा, त्यात तेच सिम घालावे आणि मोटारीपाशी उभे राहून बोलून पाहावे. तो फोन बोलला, तर मॉड्यूल बोलायला हरकत नाही. यातच सिमचा रिचार्ज संपलाय का, सिमला पिनचे कुलूप आहे का, हेही कळून जाते. कुलूप असल्यास फोनमध्येच काढून टाकावे. आजकालची बारीक सिम मोठ्या खोबणीत बसवायला जी प्लास्टिकची चौकट वापरतात, ती मोटारीच्या थरथरीने हलते. तिला चिकटपट्टी लावलेली बरी.

हुकमांनी विचारायचे तर 'एटी+सीपिन?' याला 'रेडी' उत्तर आले म्हणजे सिम वाचले गेले. 'एटी+सीआरईजी?' याला '०,१' आले म्हणजे नोंद झाली. '०,५' म्हणजे रोमिंगवर नोंद झाली. '०,२' म्हणजे शोध चालू. '०,३' म्हणजे टॉवरने नकार दिला. शोध आणि नकार यांत फरक आहे. शोध असेल तर अँटेना आणि जागा बघा, नकार असेल तर सिम आणि कंपनी बघा. उत्तर नुसते 'एरर' येत असेल तर 'एटी+सीएमईई=२' द्यावे, मग ते चूक शब्दांत सांगते. गप्प पोराला बोलते करण्यासारखे आहे हे.

रेंज मोजायचा हुकूम 'एटी+सीएसक्यू'. उत्तर ० ते ३१ मध्ये येते, ९९ आले तर काहीच कळत नाही असा अर्थ. आमच्या अनुभवात १० च्या वर असले की संदेश जातात-येतात, त्याखाली भरवसा नाही. हा आकडा घरी घेऊन उपयोग नाही. मोटारीपाशी, पेटीचे झाकण लावून घ्यावा. झाकणाचे मुद्दाम सांगतो, कारण स्टार्टरची पेटी पत्र्याची असते. बंद धातूच्या पेटीत बाहेरच्या विजेचा प्रभाव शिरत नाही, हे मायकेल फॅरेडेने १८३६ सालीच दाखवून दिले आहे, आणि लहरींचेही तसेच. झाकण उघडे असताना १८ येते आणि लावले की ४. मॉड्यूलबरोबर मिळणारी ती स्प्रिंगसारखी तार टेबलावरच्या खेळाला ठीक. नदीवर वायरची अँटेना घेऊन ती पेटीबाहेर, शक्य तितकी उंच लावावी.

पंधरा दिवस चालते आणि बंद पडते

या दुखण्याने पोरांची जास्त झोप उडवली आहे. सगळे सुरळीत चाललेले असते. दिवा संथ, रेंज चांगली, फोन लावला तर रिंग जाते. पण 'मोटार चालू' असा संदेश पाठवला की काही होत नाही. प्रोग्राम तोच, काल चालत होता.

कारण बहुधा कंपनीचे संदेश. सिममध्ये आणि मॉड्यूलमध्ये संदेश साठवायला मोजकीच जागा असते. रिचार्ज करा, अमुक ऑफर घ्या, गाणे लावा, असे संदेश रोज दोन-तीन येऊन पडतात आणि ते पुसायला तिथे कोणी नसते. कोठार भरले की आपला संदेश दारातच अडतो. 'एटी+सीपीएमएस?' विचारले की किती जागा भरली ते कळते. 'एटी+सीएमजीडी=१,४' दिले की सगळे पुसले जाते. प्रोग्राममध्येच रोज एकदा हे पुसण्याची सोय करावी. नाही तर 'एटी+सीएनएमआय=२,२' या हुकमाने संदेश न साठवता थेट आर्डुइनोकडे सोडावेत.

प्रोग्रामबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथल्या चुका मोजक्या आहेत. आर्डुइनो आणि मॉड्यूल यांची जमीन, म्हणजे ग्राउंड, एकच पाहिजे. एकाची बोलायची पिन दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनला पाहिजे. मॉड्यूल २.८ व्होल्टचे आणि उनो ५ व्होल्टचा, तेव्हा उनोकडून येणाऱ्या वाटेवर दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर टाकून दाब निम्मा करावा. उलट्या बाजूने मॉड्यूलचे २.८ व्होल्ट उनोला कसेबसे ऐकू येतात, म्हणून ३.३ व्होल्टवर चालणारा ईएसपी३२ घेतलेला आम्हाला जास्त पसंत आहे. संदेश पाठवताना शेवटी कंट्रोल-झेड द्यायचे विसरले, तर मॉड्यूल वाट पाहत बसते. आणि एक गंमत. पोरं प्रोग्राममध्ये वडिलांचा दहा आकडी नंबर लिहितात, मॉड्यूल मात्र तोच नंबर पुढे ९१ लावून सांगते. दोन्ही जुळत नाहीत आणि पेटी धन्यालाच ओळखत नाही. शेवटचे दहा आकडेच ताडून पाहावेत. नंबर ओळखायची ही अट काढून टाकून सुटका करून घेऊ नये, नाही तर कुणाचा चुकून लागलेला फोनही तुमची मोटार चालू करील.

स्टार्टरच्या पेटीत हात घालण्यापूर्वी

इथपर्यंतचे सारे ४-५ व्होल्टवरचे होते, ते पोरांनी खुशाल करावे. पुढचे ४१५ व्होल्टचे आहे. रिलेच्या वायरी स्टार्टरमध्ये जोडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच, डीपीवरून लाईट काढून करून घ्यावे. यात आम्हाला कोणाचीही भीड ठेवायची नाही. चिखलात उभे राहून, "एवढंच तर दोन वायरी जोडायच्यात," म्हणत पेटीत हात घालू नये.

ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर यांना बगल देऊन मोबाईलची पेटी जोडलेली आम्ही तीन ठिकाणी पाहिली. एका ठिकाणी वाइंडिंग जळाले होते. मोबाईलची पेटी फक्त बोटाचे काम करणारी असावी, बटण दाबणे आणि सोडणे. मोटारीचे रक्षण करणारी यंत्रणा जिथल्या तिथे राहिली पाहिजे.

कॉन्टॅक्टर सुटताना जी ठिणगी उडते तिचा धक्का मॉड्यूलपर्यंत पोचतो. मोटार बंद होताक्षणी मॉड्यूलही बंद पडून पुन्हा उठत असेल, तर हे कारण समजावे. मॉड्यूलची वीज वेगळ्या सेलवरून घ्यावी, त्याची पेटी स्टार्टरच्या पेटीपासून अंतरावर ठेवावी आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वायरमनकडून स्नबर बसवून घ्यावा. सेल ठेवलाच तर लाईट गेल्यावरही मॉड्यूल जागे राहते आणि 'लाईट आली', 'लाईट गेली' हे संदेश मिळतात. मात्र लिथियमचा सेल एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नये, सावलीत ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे राहिले. घरच्या पेट्या 'मोटार चालू झाली' असा संदेश पाठवतात तो कशाच्या आधारावर? बहुतेकांत रिले वाजला एवढ्याच आधारावर. रिले वाजला, पण फेज गेलेला असेल. फुटव्हॉल्व्ह सुटून पाणी उतरलेले असेल. मोटार कोरडी फिरत असेल. सभासद घरी निश्चिंत झोपतो, सरी कोरडी राहते आणि सकाळी सील गेलेले सापडते. संदेश मोटारीने घेतलेल्या प्रवाहावरून निघाला पाहिजे. मोटारीच्या एका वायरीभोवती प्रवाह मोजणारी कडी, म्हणजे सीटी, बसवता येते. पाणी ओढणारी मोटार आणि कोरडी मोटार यांच्या प्रवाहात फरक पडतो, तो आपल्या मोटारीवर एकदा दिवसा मोजून लिहून ठेवावा. तोवर रात्रीच्या संदेशावर अर्धाच विश्वास ठेवावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

शेजाऱ्यांचेही बघा. लाईट आल्याबरोबर आपोआप मोटार सुरू होईल अशी सोय करणाऱ्यांनी प्रत्येकाने वेगळा विलंब ठेवावा, कोणी दोन मिनिटे, कोणी पाच. एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या तर डीपी जळतो आणि मग पुढचे आठ-दहा दिवस सगळ्यांचाच ऊस वाळतो.

नवी पेटी करायला घेणाऱ्यांना एक सल्ला. २जीवर आता नव्याने पैसे घालू नयेत. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने आणि सिंगापूरने २०१७ सालीच २जी बंद केले. आपल्याकडे ते आणखी किती हंगाम राहील यावर मोटार अवलंबून ठेवणे बरे नाही. ए७६७०सी सारखी ४जीची मॉड्यूल आता सहज मिळतात. किंमत जास्त पडते, पण कंपनीची निवड मोकळी राहते. त्यांनाही बोलताना मोठा प्रवाह लागतोच, तेव्हा वर विजेबद्दल जे लिहिले ते जसेच्या तसे लागू. नोंद पाहायचा हुकूम तेवढा 'एटी+सीईआरईजी?' असा आहे, आणि पिनांचा दाब आणखी कमी, १.८ व्होल्टचा, म्हणून दाब जुळवणारी सोय असलेली पाटीच घ्यावी.

ज्यांची पेटी अजूनही अडली आहे त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे. पाहणीच्या दिवशी शक्य तेव्हा इन्स्ट्रुमेंट विभागातील मिस्त्रींना आम्ही सोबत आणू. येताना पेटी आणाच, पण त्याआधी एका कागदावर इतके लिहून आणा: सिम कोणत्या कंपनीचे, मोटारीपाशी दिवा कसा लुकलुकतो, झाकण लावून सीएसक्यूचा आकडा किती, सीआरईजीचे उत्तर काय आणि सीबीसीचे मिलिव्होल्ट किती. प्रोग्रामचा कागद आणला नाही तरी चालेल.